विजेचा सांठा आणि त्याचा कारभारी

मावळ तालुक्याला विजेचा सांठा करण्याची कल्पना नवी नाहीं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ऊर्फ शिरोता येथील तलावांत पावसाळ्याचें पाणी अडवावयाचें, तें घाटाखालीं खोपोलीस सुमारें पांचशें मीटर उतरावयाला लावावयाचें आणि त्याच्या जोरावर चक्रें फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावयाची, ही टाटांची योजना १९११ सालीं हातीं घेतली गेली. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईस वीज जाऊं लागली. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवून वापरावयाचा, हा त्यांतला खरा मुद्दा होता. तलाव म्हणजे सांठा, आणि वीजघरांतील झडपांवर बसलेला माणूस म्हणजे त्या सांठ्याचा कारभारी. याच शिरवट्यास १८०० मेगावॅटचा, आणि भिवपुरीस १००० मेगावॅटचा, पाणी वर चढवून पुन्हां खालीं सोडणारा प्रकल्प उभारण्यासाठीं २०२३ सालीं टाटा पॉवरचा राज्य सरकारशीं सामंजस्य करार झाला. दिवसा वीज मुबलक असेल तेव्हां पाणी वर न्यावयाचें आणि मागणी वाढली कीं खालीं सोडावयाचें, अशी ही योजना आहे.

या मोठ्या सांठ्यांची किंमत केवळ रुपयांत मोजून भागत नाहीं. शेजारच्या मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला व पुढें सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें, तें आपल्या जमिनी दुसऱ्यांच्या विजेसाठीं पाण्याखालीं जाऊं नयेत म्हणून. आज मी ज्या सांठ्याविषयीं बोलणार आहें, त्यासाठीं कोणाचें शेत बुडवावें लागत नाहीं. तो गच्चीवरील पॅनेलांनीं भरतो आणि जिन्याखालच्या भिंतीवर एका पेटींत राहतो. मात्र त्यालाहि कारभारी लागतो, आणि तो कारभारी कसा नेमावा, त्याला किती अधिकार द्यावे, हाच आजचा विषय आहे.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून आपण आंबी येथील एक घर डोळ्यांसमोर धरूं. तळेगांव दाभाड्याजवळ इंद्रायणीच्या कांठीं हें गांव आहे. एकीकडे भाताचीं खाचरें आणि दुसरीकडे औद्योगिक वसाहत व महाविद्यालयें, असा त्याचा दुहेरी संसार. पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांनीं या बाजूस घरें बांधलीं आहेत. कित्येकांत वडील मंडळी कायमची राहतात आणि मुलें शनिवारीं-रविवारीं येतात. लोणावळ्याइतका पाऊस येथें नाहीं. तेथें वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, पुण्यास सातशेंच्या आसपास, आणि आंबी या दोहोंच्या मधलें. तरी आषाढांत वारा सुटला, झाडाची फांदी तारेवर आली, कीं दिवे जातात, आणि ते केव्हां येतील हें कोणीच सांगूं शकत नाहीं.

या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचीं पॅनेलें आहेत असें समजा. आंबीचें अक्षांश पावणेएकोणीस अंशांच्या जवळपास. म्हणून पॅनेलें दक्षिणेकडे तोंड करून साधारण तितक्याच अंशांनीं कललेलीं असावीं. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास येथें दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सांवलीहि नाहींशी होते. पॅनेलाच्या पाठीमागचें सिलिकनचें शास्त्र अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं जगापुढें मांडलें. परंतु त्याच्या तोंडावर असते ती साधी जाड कांच. ज्या तळेगांवांत १९०८ सालीं पैसा फंडाच्या मदतीनें लोकांनीं कांचेचा कारखाना उभारला, त्या गांवाच्या वेशीवर आज कांचेखालीं वीज पिकते, ही मला मौजेची गोष्ट वाटते. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅटमागें दिवसाला चार युनिटें मिळतात, म्हणजे आपल्या घराला बारा. ढग दाटून आलेल्या दिवशीं मात्र याच्या एक-तृतीयांशावरहि समाधान मानावें लागतें.

आतां एका गोष्टीचा खुलासा आधींच केलेला बरा, कारण तिच्यामुळें पुष्कळांची निराशा होते. गच्चीवर पॅनेलें आहेत, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि महावितरणची वीज गेली. तर घरांतले दिवे चालू राहतील असें आपणांस वाटतें. ते चालू राहत नाहींत! साधा सौर इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या तालावर चालतो, आणि तो ताल थांबला कीं त्यानें स्वतः बंद व्हावें असा नियमच आहे. कारण उघड आहे. खांबावर चढलेला वायरमन तार मृत आहे असें समजून काम करीत असतांना आपल्या गच्चीवरून त्या तारेंत वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. दिवे गेल्यावरहि घर उजळ राहावयाचें असेल, तर बॅटरी हवी आणि बाहेरच्या तारेपासून घर तोडून स्वतंत्रपणें चालवूं शकणारा ‘हायब्रिड’ जातीचा इन्व्हर्टर हवा. २०२४ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत ३ किलोवॅटच्या घराला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. पण तें पॅनेलांच्या शक्तीवर मोजलें जातें, बॅटरीवर नव्हे. म्हणून माझें मत असें कीं जेथें वीज क्वचितच जाते तेथें बॅटरीची घाई करूं नये. नेट मीटरच्या सोयीनें दुपारची जादा वीज महावितरणला द्यावी आणि रात्रीं परत घ्यावी. तोच तेथें सर्वांत स्वस्त सांठा. आंबीसारख्या ठिकाणीं हिशेब बदलतो.

बॅटरी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें अजून आम्लाच्या पाण्याची, शिशाच्या पत्र्यांची जड पेटी येते. तो शोध फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांचा, १८५९ सालचा. त्यानें दीडशें वर्षें जगाची चाकरी केली. आतां घरांत येते ती लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांची बॅटरी. टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ यांच्याबरोबर काम करणाऱ्या अक्षय पाढी व नंजुंडस्वामी या आपल्या देशांतील संशोधकांचीं नांवें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूळ लेखावर आहेत. गुडइनफ यांना २०१९ सालीं इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. ही बॅटरी इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षां तापण्या-पेटण्याच्या बाबतींत सौम्य आहे आणि कांहीं हजार वेळां भरली व उपसली तरी टिकते. तिच्या एका घराचा दाब ३.२ व्होल्ट; अशीं सोळा घरें ओळीनें जोडलीं कीं ५१.२ व्होल्ट होतात, आणि तीं १०० अँपिअर-तासांचीं असतील तर सांठा सुमारें पांच युनिटांचा झाला.

पांच युनिटें म्हणजे किती? नव्या पद्धतीचा पंखा ३० वॅट घेतो, जुना पंचाहत्तर. चार नवे पंखे रात्रीं आठ तास फिरले तर जवळजवळ एक युनिट. फ्रिज रात्रींत अर्धें युनिट, दिवे व टेलिव्हिजन मिळून आणखी अर्धें-पाऊण. सारी रात्र सव्वादोन-अडीच युनिटांत निभावते. तळाचें एक युनिट बॅटरीच्या आरोग्यासाठीं शिल्लक ठेवलें तरी दीड युनिट गांठीं राहतें. परंतु पहाटे कोणी २००० वॅटचा गीझर तासभर चालू ठेवला कीं दोन युनिटें, म्हणजे जवळजवळ रात्रभराची शिदोरी, एका स्नानांत संपली. घरांतील माणसें वाईट नसतात; त्यांना बॅटरी दिसत नाहीं, एवढेंच. कारभाऱ्याची गरज येथें उत्पन्न होते.

कारभाऱ्याचें पहिलें काम बचत करण्याचें नव्हे, वेळ साधण्याचें आहे. बॅटरींत घातलेलें युनिट बाहेर काढतांना दहा ते पंधरा टक्के वाटेंत गळतें. म्हणून जें काम दुपारीं उन्हांतच करून टाकतां येईल, तें रात्रीसाठीं ठेवणें म्हणजे विनाकारण दलाली देणें होय. गच्चीवरची पाण्याची टाकी याचें उत्तम उदाहरण आहे. कोणी म्हणेल, टाकी हीहि एक बॅटरीच. खोपोलीसारखें पाणी खालीं सोडून वीज करूं. गणित करून पाहूं. दहा मीटर उंचीवरून एक युनिट मिळवावयाचें तर, कांहीं गळती न धरतांहि, सुमारें ३७ हजार लिटर पाणी लागेल. खोपोलीच्या पांचशें मीटरांवरून तेंच काम सुमारें साडेसातशें लिटरांत होतें. टाटांनीं घाट कां निवडला तें यावरून कळेल. आपली हजार लिटरांची टाकी वीज परत देणार नाहीं. पण दुपारीं बारा वाजतां ती भरून ठेवली तर रात्रीं मोटर लावावी लागत नाहीं. न लागलेली वीज हीच तिची मिळकत. गीझरचेंहि तसेंच. पंधरा लिटर पाणी ३५ अंशांनीं तापवावयास सुमारें ०.६ युनिट लागतें. दुपारीं चार वाजतां, ऊन कलण्यापूर्वीं, तें तापवून ठेवलें तर संध्याकाळच्या हातपाय धुण्याला तें कोमट तरी उरतें. रोज घड्याळ पाहून हें कोण करणार? आणि ढग कधीं येतील हें घड्याळाला कसें कळणार?

आतां जोडणीकडे वळूं. बॅटरीच्या आंत तिची स्वतःची एक पहारेकरी पाटी असते. प्रत्येक घराचा दाब व उष्णता ती पाहते आणि धोका दिसला कीं बॅटरी तोडते. या पहारेकऱ्याच्या हुकमावर घरच्या कारभाऱ्याची कुरघोडी चालत नाहीं, आणि ती चालूं नये हेंच योग्य. पहारेकरी आपली खबर इन्व्हर्टरला देतो. इन्व्हर्टरजवळ मग एक खतावणी तयार असते: अमक्या क्रमांकाच्या रकान्यांत बॅटरी किती टक्के भरली आहे, तमक्यांत पॅनेलांतून किती वॅट येत आहेत, पुढच्यांत घर किती ओढीत आहे. ही खतावणी बाहेरून वाचण्याची भाषा म्हणजे ‘मॉडबस’. कारखान्यांतील यंत्रांसाठीं ती १९७९ सालीं निघाली, आणि साधेपणामुळें अजून टिकली आहे. पिळलेल्या दोन तारांवरून ती हजार मीटरांच्या पलीकडेहि पोंचते. विचारणारा क्रमांक विचारतो, इन्व्हर्टर आंकडा सांगतो. यापलीकडे तिच्यांत अलंकार नाहींत.

विचारणारा कोण? पुस्तकाएवढा एक छोटा संगणक, पांच-दहा वॅटांवर चालणारा, राउटरजवळ ठेवलेला. त्यावर ‘होम असिस्टंट’ सारखी विनामूल्य कार्यप्रणाली घालतात. तिचा आरंभ २०१३ सालीं झाला आणि जगभरचे हौशी व जाणते लोक ती वाढवीत आले आहेत. दर कांहीं सेकंदांनीं हा संगणक खतावणी वाचतो. मिळालेला आंकडा तो घरांत दवंडीसारखा पिटतो आणि ज्या खटक्याला, ज्या दिव्याला त्यांत रस असेल तो ऐकतो. या दवंडीची पद्धतहि ठरलेली आहे. तिला एमक्यूटीटी म्हणतात. १९९९ सालीं तेलाच्या लांबच लांब नळांवरील मापकांची बातमी उपग्रहावरून थोडक्या खर्चांत आणण्यासाठीं ती तयार झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एक भाषा बोलावयास लावणारें ‘मॅटर’ नांवाचें प्रमाणहि २०२२ सालीं निघालें आणि २०२४ च्या अखेरीच्या आवृत्तींत त्यांत सौर पॅनेलांचा व बॅटऱ्यांचा समावेश झाला. तें सर्वत्र रुजेपर्यंत मॉडबसची जुनी खतावणीच विश्वासाची.

येथें एक पथ्य सांगतों. प्रारंभीं कारभाऱ्याला खतावणी फक्त वाचूं द्यावी, तींत लिहूं देऊं नये. रकान्यांत लिहून इन्व्हर्टरचें वर्तन बदलतां येतें, हें खरें. परंतु चुकीच्या रकान्यांत आंकडा पडला तर परिणाम विपरीत होतात, आणि कांहीं इन्व्हर्टरांची स्मृति पुनः पुन्हां लिहिल्यानें झिजतेहि. महिनाभर नुसते आंकडे पाहावे. आपलें घर केव्हां, किती खातें हें तोंवर कळून येतें, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच अर्धा प्रश्न सुटतो.

मग नियम घालावयाचे. समजा आपण सांगितलें कीं बॅटरी ९० टक्क्यांवर गेली तर मोटर सुरू कर, खालीं आली तर बंद कर. मोटर सुरू होतांच बॅटरी ८९ वर येईल, मोटर थांबेल, ऊन बॅटरीला पुन्हां ९० वर नेईल, मोटर पुन्हां सुरू होईल; आणि असें दर दोन मिनिटांनीं झालें तर संध्याकाळपर्यंत मोटर जळेल. म्हणून दोन वेगळ्या खुणा ठेवाव्या लागतात: ९० वर सुरू, पण ८० च्या खालीं गेल्याखेरीज बंद नाहीं, आणि टाकी भरली कीं मात्र तात्काळ बंद. मोटर सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते, हेंहि विसरूं नये. एक अश्वशक्तीची मोटर चालतांना सुमारें हजार वॅट घेते, पण उठतांना तीन किलोवॅटच्या इन्व्हर्टरला धाप लावते. गीझर, इस्त्री आणि मोटर एकाच क्षणीं उठणार नाहींत, एवढी दक्षता कारभाऱ्यानें घेतली पाहिजे.

बाहेरची वीज गेली कीं नियम बदलतात. पंखे, दिवे, फ्रिज, राउटर, आणि घरांत कोणी प्राणवायूच्या यंत्रावर असेल तर तें यंत्र, यांना बॅटरीवर पहिला हक्क. गीझर व मोटर यांना त्या वेळीं मुळींच परवानगी नाहीं. ज्यांना असें यंत्र लागतें त्यांनीं ही विभागणी संगणकाच्या भरंवशावर न ठेवतां वायरिंगमध्येंच करून घ्यावी. जड यंत्रें बॅटरीच्या बाजूच्या पेटीला जोडलेलींच नसलीं, तर संगणक चुको वा बंद पडो, आजाऱ्याच्या श्वासाला धोका पोंचत नाहीं. याशिवाय ऋतूप्रमाणें शिल्लक बदलावी. फेब्रुवारींत बॅटरी रात्रीं २० टक्क्यांपर्यंत उतरली तरी सकाळचें ऊन ती भरून काढतें. जून ते सप्टेंबर मात्र ६० टक्क्यांच्या खालीं जाऊं न देणें शहाणपणाचें, कारण उद्यांच्या उन्हाची हमी नसते आणि दिवे जाण्याचा संभवहि तेव्हांच अधिक असतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, माझ्या मतें, यंत्रांचा नसून अधिकाराचा आहे. इन्व्हर्टरबरोबर कंपनी आपलें ॲप देते. त्यांत बॅटरीची टक्केवारी दिसते, बटण दाबून बदलहि करतां येतात. अमेरिकेंत बसलेल्या मुलाला आंबींतल्या आईवडिलांच्या घरीं वीज आहे कीं नाहीं हें रात्रीं अपरात्रीं पाहतां येतें, आणि त्या आंकड्यानें त्याला जें स्वास्थ्य मिळतें त्याची थट्टा मी करणार नाहीं. पण तो आंकडा आंबीच्या जिन्याखालून निघून कोठल्या तरी दूरच्या देशांतील संगणकावर जातो आणि तेथून परत येतो. वादळांत इंटरनेटची तार तुटली, किंवा कंपनीनें ती सेवाच बंद केली, कीं आपल्या घरचा खटका आपल्याला ओळखेनासा होतो. शिवाय घर केव्हां किती वीज ओढतें या आंकड्यांवरून घर केव्हां रिकामें असतें हें कोणालाहि वाचतां येतें. म्हणून निर्णय घरांतल्या संगणकानें घ्यावा आणि बाहेर जावयाची ती केवळ बातमी. विकत घेतांना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: “इंटरनेट नसतांना हा इन्व्हर्टर घरच्या तारेवरून आंकडे देतो का?” उत्तर अडखळत आलें तर दुसरें दुकान पाहावें.

कामाच्या कांहीं गोष्टी राहिल्या. जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी व महावितरणची मंजुरी घ्यावी. बाजारांतील लहान स्मार्ट प्लग दिव्यापंख्यांना ठीक. मोटर व गीझर यांच्यासाठीं खटक्यानें कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरनें मोटर. अर्थिंग व विजांपासून रक्षण करणारें साधन यांत काटकसर नको. मावळांत वळवाच्या विजा कोठें पडतील याचा नेम नसतो. बॅटरी निजण्याच्या खोलींत नको, उन्हांत नको, पागोळ्यांखालीं तर नकोच. राउटर व छोटा संगणक बॅटरीच्या बाजूसच जोडलेले असावे, नाहींतर दिवे जातांच कारभारीच झोपी जावयाचा. आणि प्रत्येक स्वयंचलित खटक्याजवळ हातानें दाबण्याचें साधें बटण असलेंच पाहिजे. आजोबांना दिवा लावण्यासाठीं नातवाचा फोन शोधावा लागतां कामा नये.

हें सर्व झाल्यावर मृग लागण्यापूर्वीं एका संध्याकाळीं परीक्षा घ्यावी. घरच्या मंडळींना आधीं सांगून ठेवावें. घरांत प्राणवायूचें यंत्र असेल तर ठेकेदाराला हजर ठेवून व पर्यायी सोय करूनच हें करावें. मीटरजवळचा मुख्य स्विच पाडावा आणि पाहावें कीं पंखे किती क्षण अडखळतात, फ्रिज चालू राहतो का, गीझर गप्प बसतो का. मग राउटरची इंटरनेटची तार काढावी व पुन्हां तेंच पाहावें. शेवटीं मुख्य स्विच परत चढवावा आणि गीझर आपण होऊन सुरू होत नाहीं ना, याकडे लक्ष द्यावें. पुष्कळ स्मार्ट खटके वीज परत आली कीं स्वतःच ‘चालू’ होतात. तसें होत असेल तर त्याच रात्रीं त्याचा बंदोबस्त करावा, कारण पावसाळ्यांत वीज एकाच संध्याकाळीं दहा वेळां येते आणि जाते.